मूठ बसवायला सांगितली होती

माझे दोन्ही डोळे आज जागेवर आहेत ते शेलार गावातल्या एका मासळीवाल्या काकीमुळे. हे आधी सांगून टाकतो. मागे एकदोघांना ही हकीकत सांगताना मी सुरुवात सुजलेल्या तोंडापासून केली, आणि ऐकणारे इतके हसले की काकी सांगायची राहूनच गेली. हसण्यासारखं आहेच त्यात. पण मला ते आठवलं की आजही आधी हात डोळ्यांकडे जातो, हसू मागून येतं.

काकी माझी कुणी लागत नव्हती. ती आगरी, खाडीकाठची. मी हिंगोलीकडचा, मासळी क्वचित खाणारा, तीही नदीची. भिवंडीत कामतघरला आमच्या खोलीच्या गल्लीच्या तोंडाशी ती पाटी घेऊन बसायची. नवा होतो तेव्हा नाकाला रुमाल लावून तिच्यासमोरून जायचो. तिनं मला पहिली हाक मारली ती अशी :

"ए शेटजी! नाक हितंच काढून ठेव, येताना घेऊन जा!"

सगळी गल्ली हसली. मी रुमाल खिशात घातला तो कायमचाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली, पण आवाज निराळा. "काय रं बाला, जेवलास का न्हाय?" घर सोडल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. जेवलो, असं खोटंच सांगितलं. तिनं ते ओळखलं आणि भाकरीवर सुक्या जवळ्याची चटणी घालून हातात दिली. खाल्ली मी. वासाबिसाचं काही आठवत नाही.

शाळा मी आठवीत सोडली होती. गावचे लोक भिवंडीत लूमवर होते, त्यांच्या मागोमाग आलो. पण लूमवर माझा निभाव लागला नाही. मी मुळातच घाबरट. धागा तुटला की तो जोडायचा सोडून मी मागे सरायचो, आणि त्या खडखडाटात कुणी हाक मारली तरी वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. मुकादमानं चार दिवस बघून सांगितलं, "तू दुसरं काहीतरी बघ बाबा." विशी ओलांडलेला मी, आणि परत जायला तोंड नाही. तेव्हा भिवंडीतल्याच टेमघरच्या एका उस्तादांनी मला ठेवून घेतलं.

उस्ताद उत्तर प्रदेशातले. सुऱ्यांना मुठी बसवायचं त्यांचं काम. पातं तयार यायचं. पात्याच्या मागे जी जाड पट्टी निघालेली असते, तिच्या दोन्ही अंगांना लाकडाचे दोन तुकडे लावायचे, आरपार भोकं पाडून पितळी खिळे ठोकायचे आणि मग हाताला बसेल असं घासत जायचं. त्या दोन तुकड्यांना आम्ही जोडी म्हणायचो. एकाच फळीचा तुकडा मधोमध चिरायचा आणि पुस्तकासारखा उघडायचा, म्हणजे दोन्ही अंगांच्या रेषा समोरासमोर येतात. खाटीक, मासळीवाल्या, हॉटेलातले आचारी, सगळे यायचे. बाजारातला प्लास्टिकच्या मुठीचा सुरा ओल्या हातात फिरतो, आणि ज्याला दिवसभर कापायचं त्याला ते परवडत नाही.

माप घ्यायची उस्तादांची पद्धत मला फार आवडायची. गिऱ्हाइकाच्या हातात मळलेल्या कणकेचा गोळा द्यायचे. "दबाओ. जैसे छुरी पकड़ते हो, बस वैसे." गोळ्यावर बोटं उमटायची. तो वाळवायचा आणि समोर ठेवून जोडी घासायची. कुणाचा अंगठा जाड, कुणी दोन बोटांवरच जोर देणारा, सगळं त्या कणकेत दिसायचं.

लाकूड यायचं सायझिंगमधून. सूताला खळ देण्याच्या त्या कारखान्यांत बॉयलर पेटता ठेवायला ट्रकनं जळाऊ लाकूड येऊन पडायचं. त्या ढिगात शिसवीचा तुकडा सापडायचा, बाभळीचा गाभा सापडायचा, मोडक्या दाराची सागवानी चौकट सापडायची. उस्ताद बॉयलरवाल्याशी गप्पा मारत हवं ते निवडून आणायचे.

त्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नासाठी ते गावाला निघाले. निघण्याआधी लाकडं निवडता निवडता त्यांनी एक आखूड फळी बाजूला काढली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर अगदी आत सरकवून ठेवली.

"भिलावा है," ते म्हणाले. "सँभाल के रखना."

भिलावा हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझी हिंदी तेव्हा 'कितना हुआ' आणि 'कल आना' एवढ्यापुरती. विचारावं असं वाटलं, पण उस्ताद गडबडीत होते आणि आपलं अज्ञान कशाला दाखवा. मी माझ्यापुरता अर्थ लावला. ज्या अर्थी गोणपाटात गुंडाळलं, सगळ्यांच्या मागे दडवलं आणि सांभाळून ठेव म्हणाले, त्या अर्थी चंदनासारखं काहीतरी भारी लाकूड असणार. आमच्याकडे सांभाळून ठेवतात ते दागिने.

उस्ताद गेले आणि काकी सुरा घेऊन आली. मूठ तडकलेली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

"तुजा म्हातारा कुठं गेला? बरा झाला, तूच कर. तुज्या हातचीच पायजे मना."

मी कणकेचा गोळा दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्याच्या चपात्या करतोस का लाडू?" मग दाबला. तिची करंगळी पुरती मिटत नसे. कधीतरी खेकड्यानं धरलेली, तेव्हापासून तशीच राहिलेली. कणकेत चार बोटं खोल आणि करंगळीची नुसती वरवर रेघ.

आता तुम्ही सांगा, या बाईला मी जळाऊच्या ढिगातलं लाकूड लावू? मला सारखं वाटत होतं की हिच्या भाकरीचं आपण काहीच केलेलं नाही. माळ्यावरची ती फळी डोळ्यांपुढे आली. उस्तादांना विचारायला हवं होतं, पण त्यांच्या गावी फोन लागायचा नाही. आले की सांगून टाकू, बोलले तर ऐकून घेऊ, असं ठरवून मी गोणपाट सोडलं.

फळी करडी, आत पिवळसर पट्टे, आणि पट्ट्यांच्या कडेनं बारीक काळ्या रेषा. उघडलेल्या जोडीवर त्या रेषा समोरासमोर आल्या तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. लाकूड वजनाला हलकं लागलं, पण भारी वस्तू अशीच असेल, म्हटलं. दिवसभर लोडशेडिंग. पंखा नाही, मशीन नाही, सगळं कानशीनं आणि पॉलिश पेपरनं. धुरळा घामावर बसत होता, आणि मी तोंड पुसत होतो ते त्याच धुरळ्यानं भरलेल्या हातानं. काळ्या रेषांतून काही ठिकाणी चिकट तेल सुटलं. मला आनंदच झाला. तेलकट लाकूड पाण्याला दाद देत नाही, असं उस्ताद सांगायचे.

संध्याकाळी सुरा काकीच्या हातात दिला. तिनं मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. "अगो बाय! माजाच दुसरा हात वाटतंय!" करंगळीला मी थोडी जागा जास्त ठेवली होती, ती तिला बरोबर कळली. मी हवेत चालत खोलीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी मानेला आणि कानामागे खाज सुटली. उन्हाळा आहे, घामोळं असेल. त्याच्या पुढच्या सकाळी जागा झालो आणि डोळे उघडेनात.

उघडत नाहीत म्हणजे काय, हे मला बराच वेळ समजलंच नाही. मला वाटलं अजून उजाडलं नाही. पण लूम चालू होते, शिफ्ट सुटल्याचा गलका होता, कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं. हात तोंडाला लावला तर ते तोंड माझं नव्हतं. गाल कुठं संपतो आणि डोळा कुठं सुरू होतो ते कळेना. बोटांनी पापणी ताणली तर नुसता लाल उजेड, आणि आग. मी ओरडलो असणार, कारण स्टोव्हचा आवाज थांबला.

"अरे बापरे! ह्याला देवी आल्या!"

"देवी आता कुठं राहिल्यात? कांजिण्या असतील."

"काही का असंना, पसरतंय ना?"

खोलीत आम्ही पाळीपाळीनं झोपणारे, एकाची ड्युटी सुटली की त्याच अंथरुणावर दुसरा. त्यांना दोष देत नाही. त्यांच्यातला माझ्या गावचा होता तो अगदी कळवळून म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस. एक पडला की सगळे पडतील. तू जरा बाहेर बस." माझी पिशवी माझ्या मांडीवर आली आणि मी पायरीवर आलो.

तिथं बसून काय काय आलं डोक्यात! डोळे गेले, हे मी धरूनच चाललो होतो. लूमवर चाललो नाही, आता सुऱ्यावरही चालणार नाही. कुणीतरी हात धरून मला गाडीत बसवणार, गावी उतरवणार, आणि माय विचारणार, लेकरा, धडधाकट गेलास ना रे? रडावं तर अश्रूंनी आणखी आग होत होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून काकीचा आवाज आला. पण जेवलास का विचारणारा तो आवाज नव्हता.

"कुठं हाय तो? कुठं लपलाय तो मूठवाला? भायेर ये मेल्या! तुला मूठ बसवाला सांगितली होती, मूठ माराला न्हाय!"

मूठ मारणं म्हणजे करणी. तिकडच्या गावांत माणसं या शब्दाला आजही दचकतात. गल्लीतल्या बायकांनी पोरांना घरात बोलावून घेतलं. आवाज धाडधाड जवळ आला आणि माझ्यापुढे येऊन थांबला.

"आगो माजे आये," ती हळूच म्हणाली. "ह्यो काय झाला रं तुला?"

"काकी, मला दिसत नाही."

ती मटकन पायरीवर बसली. भांडायला आलेली बाई. "मना वाटला माजाच हात उतलाय," ती म्हणाली. "सुरा धरला का आग. बोटांच्या बेचक्यांत फोड आल्यात. आन् पानी लागला का तुजा लाकूर काला काला घाम सोरतंय."

काळा घाम. मी हात पुढे केले. "काकी, माझ्या नखांत काळं आहे का?"

"काला? कोलसा भरल्यावानी हाय."

"बिब्बा!" मी ओरडलो. "काकी, बिब्बा आहे तो!"

आता हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी अवस्था कळणार नाही. आमच्या भागात बायका बिब्बे फोडतात. आतली गोडंबी निघते, ती मिठाईत जाते, आणि टरफलातलं तेल फोडणारीच्या अंगावर उडतं. लागलं तिथं उततं, काळं पडतं, सोलून निघतं. माझ्या मायची बोटं मी कधी गोरी पाहिलीच नाहीत. आम्हा लेकरांना ती जवळ येऊ द्यायची नाही, लांबून ओरडायची. ते काम माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तिनं मला इतक्या लांब पाठवलं. आणि मी इथं त्याच झाडाची फळी दागिन्यासारखी जपली, घासून तोंडाला फासली, आणि ज्या बाईनं मला जेवू घातलं तिच्या हातात दिली! फळं ओळखत होतो मी, टरफल ओळखत होतो. त्या झाडाचं चिरलेलं लाकूड कसं दिसतं हे कुठं ठाऊक असायला? ते झाड आमच्याकडे कुणी तोडायलाच जात नाही.

काकीला बिब्बा माहीत होता तो वेगळाच. "दुकानावर लिंबा-मिरचीसंगं टांगतात त्यो? त्याचा झार असतंय?"

"असतंय."

"लोकं नजर लागू नये म्हनून टांगतात. तू तर सोताचे डोलेच टांगून ठेवलंस!" आणि ती हसली. मी हसू शकत नव्हतो, ओठही सुजले होते. मग मला सुऱ्याची आठवण झाली.

"काकी, सुरा कुठाय?"

"सून कापतेय ना त्यानंच. माजा हात चालत न्हाय म्हनून तिला बसवलाय."

"थांबवा तिला!"

ती धावली. तिच्या चपला गल्लीभर वाजत गेल्या. मी पायरीला धरून बसलो होतो, कान तिकडे. परत आली तेव्हा धापा टाकत होती. सुनेनं नुकताच सुरा हातात घेतला होता, तिला अजून काही झालेलं नव्हतं. तिचे हात साबणानं धुववले, सुरा पिशवीत बांधून टाकला. "आता तू ऊठ," ती म्हणाली. "हितं पायरीवर कुत्र्यावानी बसू नको."

रिक्षात बसवून तिनं मला शेलारला, तिच्या घरी नेलं. वाटेत डॉक्टरांकडे थांबलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "सूज उतरेल. पण ते डोळ्याच्या आत गेलंय की नाही, हे डोळा उघडल्यावरच समजेल." ते हे सहज बोलून गेले. माझ्या कानात ते बोलणं पुढचे सगळे दिवस वाजत राहिलं.

माय बिब्बा उतल्यावर खोबरं लावायची, एवढं मी काकीला सांगितलं. खोबऱ्याला तिच्याकडे तोटा नव्हता. ती किसायची, पिळायची, आणि ते दूध माझ्या तोंडावर थापायची. "नवरीला हालद लागली," म्हणायची. शेजारच्या बायका बघायला यायच्या. "ह्यो कोन गो?" "माजा नवा जावाय. तोंड दाखवत न्हाय, लाजतंय."

रोज सकाळी मी पापण्यांना जोर लावायचो आणि रोज तोच लाल अंधार. कारखान्यांचा आवाज लांबून यायचा. वीज गेली की एकदम थांबायचा, आणि ती शांतता मला सहन व्हायची नाही. तेव्हा काकीनं माझ्यापुढे परात सरकवली. "हात चांगले हायत ना तुजे? कोलंबी सोल. डोक्यातले किडे वलवलतात ते तरी थांबतील." तळव्यांना घट्टे होते म्हणून ते वाचले होते. तिनं ते साबणानं इतके घासून घेतले की तीच आग वेगळी. मग मी सोलू लागलो. डोकं काढायचं, पाठीवरून नख फिरवायचं, दोरा ओढायचा. चुकलं की ती ओरडायची, "आंधला हायस का?" आणि लगेच जीभ चावायची. मला ते ऐकूनच समजायचं.

"तुमचा हात कसा आहे?" मी विचारायचो.

"बरा हाय. थोरासा उतला होता. तू आपला बघ."

एका सकाळी उजव्या डोळ्याला फट पडली. आधी पांढरं काहीतरी, मग त्या पांढऱ्यात खिडकीचे गज. डोळ्याच्या आत काही गेलेलं नव्हतं. गज मोजता येत होते. हळूहळू परात दिसली, कोलंबीची सालं दिसली, आणि परातीपलीकडे काकी. तिनं उजव्या हातावरचं फडकं सोडलं होतं, तेल लावायला. मी बघतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

मी तो हात पाहिला आणि मला पुन्हा डोळे मिटावेसे वाटले. बेचक्यांतली कातडी नव्हतीच. बोटं काकडीएवढी सुजलेली, एकमेकांपासून फाकलेली, मिटत नव्हती. जिथं मी करंगळीसाठी जागा ठेवली होती तिथं मूठ सगळ्यात जास्त घासली होती, आणि तिथं नुसतं लाल मांस. माझ्या तोंडावर ती जे थापत होती ते सगळं डाव्या हातानं. खोबरं किसत होती डाव्या हातानं. आणि मी दिवसच्या दिवस माझ्याच डोळ्यांचं रडगाणं गात तिच्यासमोर बसलो होतो.

"काकी," मी म्हणालो.

तिनं चटकन पदराखाली हात घेतला. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "दिसतंय तुला?" ती परात ओलांडून पुढे आली. "कुठला? ह्यो का दोन्ही?" आणि मी उत्तर द्यायच्या आत ती उठून अंगणात गेली आणि सुनेला ओरडून सांगू लागली की पोराला दिसतंय, पोराला दिसतंय.

उस्ताद आले ते आधी दुकानात गेले, मग विचारत विचारत शेलारला. माझ्या तोंडाची सोललेली कातडी पाहून दारातच थबकले. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे भाई, बोला था ना, भिलावा है! चूल्हे में न चला जाए, किसी का हाथ न लगे, इसलिए ऊपर रखा था। सँभाल के बोला था!"

"सांभाळूनच ठेवलं होतं, उस्ताद."

भिलावा म्हणजे आपला बिब्बाच, आणि त्यांचं 'सँभाल के' म्हणजे 'जपून, हात लावू नकोस', हे मला तेव्हा कळलं. काकी खदखदून हसली. "दोघांच्या भाषेला काय आग लावायची ती लावा," ती म्हणाली, "मना माजा सुरा पायजे." उस्तादांनी ती मूठ काढून गावाबाहेर पुरली आणि पात्याला स्वतःच्या हातानं बाभळीची जोडी बसवली. मला दुकानातून काढलं नाही. ती भीती मी बरेच दिवस बाळगून होतो, पण त्यांनी तो विषयच काढला नाही.

काकीचा हात भरून यायला माझ्या डोळ्यांपेक्षा खूप जास्त वेळ लागला. तेवढे दिवस सून कापायची आणि काकी शेजारी बसून गिऱ्हाइकांशी भांडायची. पुढे हात चालू लागला, पण बोटांच्या बेचक्यांत पांढरे डाग राहिले ते राहिलेच.

मी आज जे काही वाचतो, कापतो, घासतो, ते त्या डोळ्यांनी. तिनं त्याबद्दल माझ्याकडून आजवर काही घेतलेलं नाही. साडी नेली तर सुनेला देते, मिठाई नेली तर गल्लीत वाटते. पण काकी, हे मी इथं लिहून ठेवतो. तुमचं हे मी एक दिवस फेडीन. कसं, ते मला अजून सुचलेलं नाही, आणि मी घाबरट आहे, मला वेळ लागेल. पण फेडीन. तोवर तुम्ही धडधाकट राहा.